दक्षिणेचं दार

आमचं चर्च पाचशे वर्षांचं आहे असं सांगणारा माणूस भेटला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हल्ली असले लोक रोज येतात. वसईचा किल्ला बघून झाला की रिक्षा करून आमच्या गावात घुसतात, चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहतात आणि मोबाईल स्वतःच्याच तोंडासमोर धरून सुरू करतात, "मित्रांनो, हे आहे पाचशे वर्षांपूर्वीचं पोर्तुगीज चर्च!" काय डोंबल पाचशे वर्षांपूर्वीचं! ज्या दोन मनोऱ्यांसमोर उभा राहून तो बडबडतो, ते आमच्या पणजोबांच्या पिढीनं बांधलेत. वाडीतलं शिंपणं आटोपून लोक संध्याकाळी दगड वाहायला यायचे, असं माझे आजोबा सांगायचे. पण हे ऐकायला कोणाला वेळ आहे? त्यांना पोर्तुगीज हवा असतो, आणि तोही टोपी घातलेला.

एकदा मी एकाला पायऱ्यांवरच धरला. म्हटलं, बाबा रे, पोर्तुगीजांनी बांधलेलं चर्च याच्या निम्मं होतं. मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, छप्पर बसलं, भिंतींवर पिंपळ उगवले. लोक तेवढे इथंच राहिले. पुढं इंग्रजांच्या काळात त्याच लोकांनी पडक्या भिंतींवर नवी लाकडं चढवली, कौलं घातली, चर्च पुढच्या बाजूला वाढवलं, मनोरे उभे केले. तेव्हा तू उभा आहेस तो भाग पोर्तुगीजांनी स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता. तो म्हणाला, "आंटी, जरा बाजूला व्हाल का, फ्रेममध्ये येताय."

मी आयुष्यभर मुंबईत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम केलं. दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांची दुकानं, कधीच न बांधले गेलेले बंगले. या चर्चचा नकाशा मात्र मी स्वतःसाठी काढला. रविवारी मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, संपली की टेप घेऊन भिंती मोजायची. लोक हसायचे. लग्न केलं नाही म्हणून हिला भिंतींचं वेड लागलंय, असं माझा चुलतभाऊ चारचौघांत म्हणाला होता, ते मी विसरलेले नाही. त्याच्याबद्दल पुढं बोलायचंच आहे.

तर मोजून मोजून मला एक गोष्ट कळली. या चर्चमध्ये खरं जुनं म्हणावं असं दोनच ठिकाणी उरलं आहे. एक, वेदीच्या मागची अर्धगोल भिंत. दुसरी, दक्षिणेकडची भिंत आणि तिच्यातलं दार.

ते दार मोठं नाही. फिकट पिवळसर, मऊ जातीच्या दगडाची चौकट, दोन्ही अंगांना पीळ दिलेल्या दोरासारखी कोरीव पट्टी आणि वर मधोमध शिंपला. शिंपल्याच्या डावीकडच्या रेषा ऐसपैस आहेत आणि उजवीकडच्या दाटीवाटीनं कोंबलेल्या. कारागिराचा अंदाज चुकला आणि शेवटी जागा पुरली नाही. मला सगळ्यात जास्त जीव त्या चुकीवर. बाकी सगळं चर्च दुरुस्त्या करून करून गुळगुळीत झालेलं, पण इथं एक माणूस चुकला होता आणि ते अजून दिसत होतं. खालचा उंबरा मधोमध खोलगट झिजलेला. भिंत एवढी जाड की दाराच्या खोबणीत खुर्ची टाकून बसावं आणि तिथून आतही बघावं, बाहेरही.

जुन्या बायका त्याला बाळंतिणींचं दार म्हणत. कोणी चांगला, ऐकून घेणारा माणूस आला तर मी मोठ्या कौतुकानं सांगत असे. पूर्वी बाळंतपण झालं की बाईनं सव्वा महिना चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही. मग एके दिवशी पेटती मेणबत्ती हातात घेऊन या दाराबाहेर उभं राहायचं. फादर आतून येणार, खांद्यावरच्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात देणार आणि ती ते धरून उंबरा ओलांडून आत येणार. माझ्या लहानपणीच ही रीत बंद झाली. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे. किती सुंदर, असं म्हणायचे. मलाही सुंदरच वाटायचं.

आमचं घर या दाराच्या बरोबर समोर. फाटकातून निघालं, गल्ली ओलांडली की दार. आणि माझी आई मात्र मोठ्या दारानं जायची. नव्वदीला आलेली बाई, गुडघ्यांत काही राहिलेलं नाही, पण दर रविवारी सिमेटरीच्या भिंतीला वळसा घालून, पुढच्या अंगणातून, कठडा धरून एकेक पायरी चढणार. पाऊस असो, ऊन असो. आमचं दर रविवारी यावरून वाजायचं.

"आई, समोर दार आहे. आंधळी झालीस का?"

"दिसते मला."

"मग?"

"तुला घाई असंल तर तू जा."

मला वाटायचं, हा सगळा थाट आहे. मोठ्या दारानं गेलं की सगळ्या बायका बघणार, म्हातारीनं कुठलं लुगडं नेसलंय, पोवळ्यांची माळ कुठली घातलीय. आई मिठागरांच्या बाजूच्या गावातून या वाडीवाल्यांच्या घरात आली. तिच्या बोलण्यातल्या 'पानी' आणि 'कोन'ला इथल्या बायका सुरुवातीला हसल्या होत्या. त्याचा बदला ती अजून घेतेय असं मी धरून चालले होते. विचारलं मात्र कधी नाही.

आता चुलतभावाकडं येते. आमच्या दोघांच्या वाड्या एकमेकींना लागून. मी माझी ठेवली, केळी आणि वाल लावते. त्यानं त्याची बिल्डरला दिली आणि तिथं आता चार माळ्यांची बिल्डिंग आहे, तिच्या सांडपाण्यानं माझी विहीर नासवली. तो चर्चच्या समितीचा अध्यक्ष झाला तेव्हा मी मनात म्हटलं, आता देवाचंच घर बाकी होतं.

आल्या आल्या त्यानं पहिलं काम केलं ते उत्तरेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. मी सांगून सांगून थकले. म्हटलं, ही चुन्याची भिंत आहे. ओल पिते आणि ओल सोडते. वरून सिमेंट थापलंस तर ओल आत कोंडेल आणि दगड आतून खाईल. तो म्हणाला, "तू कागदावर घरं काढलीस, मी बांधलीत." दोन पावसाळे गेले. गिलाव्याला फुगे आले, मग त्याचे पापुद्रे पडायला लागले आणि मागचा दगड बोट लावलं तरी भुरभुर गळायला लागला. भिंतीवर मिठासारखा पांढरा थर. तेव्हापासून सिमेंट हा शब्द मी शिवीसारखा वापरते. गावातले गवंडी मला बघून घमेलं झाकतात.

एवढं होऊनही त्याची हौस फिटली नाही. मागच्या उन्हाळ्यात मिस्सा संपल्यावर त्यानं माईकवरून सांगितलं की चर्चला एसी बसवायचा आहे. नवे फादर शेजारी उभे. तरुण पोरगा, हसतमुख, गिटार वाजवतो, सगळ्या म्हाताऱ्यांना मम्मी म्हणतो. त्यांनी भिंतीवर मोठ्ठं चित्र दाखवलं. वर पीओपीचं खोटं छत, त्यात दिवे, खिडक्यांना काचा. आणि दक्षिणेची भिंत सपाट, पांढरी. दार नाहीच.

मी उभी राहिले. "दार कुठं गेलं?"

"आंटी, तिथून गार हवा बाहेर जाईल. ते विटांनी बंद करायचं, बाहेरून एसीचे डबे लागतील," फादर म्हणाले.

"तिथून गार हवा आतच येते, फादर. समुद्राची. म्हणूनच ते तिथं ठेवलंय."

लोक हसले. चुलतभाऊ म्हणाला, "तिचं दाराशीच लग्न लावून द्या." त्यावरही हसले. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, गावाची सभा लावा आणि ठरवा, तुझ्या एकट्याच्या बापाचं चर्च नाही. सभा लावावीच लागली.

आमच्या गावच्या सभेची एक रीत आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या त्या काळापासूनची असावी. सभेत सगळ्यात आधी बोलायचं ते सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, आणि ते बोललं की त्याच्या उलट कोणी बोलायचं नाही. आता कोणी म्हातारं माणूस सहसा बोलतच नाही. हात हलवून सांगतं, तुम्ही ठरवा. पण बोललंच, तर तो शब्द शेवटचा. समितीच्या सगळ्या हुशाऱ्या या रीतीपुढं लंगड्या पडतात. आणि गावातली सगळ्यात म्हातारी माणूस माझ्या घरात होती.

मी आईला सांगितलं, तू सभेत बोलायचंस. ती वालाच्या शेंगांच्या शिरा काढत होती.

"काय बोलू?"

"दाराबद्दल. तू जुनी आहेस, ते दार तू बघितलंयस."

"बघितलंय."

"मग तेवढं सांग. एक वाक्य बोललीस तरी पुरे."

तिनं शेंग मोडली. "बोलेन ना," म्हणाली. "बोलेनच."

मी त्या आठवड्यात हवेत चालत होते. चुलतभावाच्या बायकोला बाजारात मुद्दाम हसून दाखवलं. आता याची कशी जिरते ते बघाच, असं माझं चाललं होतं.

सभेला चर्च भरलं होतं. आई पहिल्या बाकावर, मी शेजारी, मांडीवर नकाशांची गुंडाळी. चुलतभाऊ वेदीच्या पायरीपाशी उभा. आईला बघून त्याचा चेहरा उतरला. त्यालाही रीत माहीत होती. "काकी, तुम्ही बोलणार?" त्यानं विचारलं. आईनं मान डोलावली आणि बाकाचा टेकू घेत उठली.

"ते दार बुजवा," ती म्हणाली.

चुलतभावानं मान वर केली.

"पक्कं बुजवा. मागं मागमूस ऱ्हायला नाय पायजे."

"आई!" मी तिचा हात धरला. "काय बोलतेस तू?"

"तूच मला बोलायला आनलंस ना? मग बोलू दे." आणि ती बसली.

झालं. रीत म्हणजे रीत. चुलतभावानं दोनदा घसा साफ केला, हात जोडले आणि म्हणाला, "काकींचा शब्द." लोक उठायला लागले. माझ्या मांडीवरची गुंडाळी तशीच. दार वाचवण्याचा एकच रस्ता होता आणि त्यावर मीच तिला हाताला धरून आणून उभं केलं होतं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. तिच्यावर एवढी ओरडले नव्हते कधी. त्या भामट्याच्या बाजूनं बोललीस, सगळ्या गावासमोर माझं नाक कापलंस, तीस वर्षं मी त्या भिंतींपायी जीव काढला तो काय यासाठी, तुला काही कळतं का ते दार काय आहे? ती ऐकत होती. मी दमल्यावर म्हणाली, "बस."

मी बसले नाही.

"तुझ्या आदी मला एक पोरगी झालती," ती म्हणाली.

मग बसले.

"पहाटे झाली. दिवस वर यायच्या आत गेली. सुईन हिंदू व्हती, तिला काय ठाव आपलं. तुझी आजी मलाच बघत व्हती, रगत थांबत नव्हतं. पोरीच्या डोक्यावर पानी घालायचं कोनाच्या ध्यानात आलं नाय. बाप्तिस्मा नाय म्हनून सिमेटरीत जागा नाय. फादर म्हनाले, ती सर्गातबी जानार नाय आनि नरकातबी जानार नाय, मधीच कुठंतरी ऱ्हाईल. तुझ्या बापानं टोपलीत घालून नेली. कुठं पुरली ते मरेपर्यंत मला सांगितलं नाय."

साठ वर्षांची होऊन गेले आणि मला एक थोरली बहीण होती हे आज मला कळत होतं.

"सव्वा महिन्यानं सासूनं मला त्या दाराशी उभी केली. संगती दोन बाया व्हत्या, दोघींच्या छातीशी पोरं. तिघींच्या हातात मेनबत्त्या. फादर आले, एकीच्या हातात पट्टा दिला, नेलीन आत. परत आले, दुसरीला नेलीन. मला बघितलं. म्हनाले, तू थांब."

"मग?"

"मग काय, थांबले. आत मिस्सा चालू झाली. गानी झाली. मिस्सा संपली. मेन हातावर गळून सुकलं. छातीला दूध व्हतं माझ्या, चोळी सगळी भिजली. लोक मोठ्या दारानं भायेर पडले आनि घरी गेले. शेवटी घंटा वाजवनारा आला, बोलला, फादर जेवायला गेले, जा तू आत. पट्टा नाय, परार्थना नाय. एकटी गेले आत. कोन नव्हतं. त्या उंबऱ्यावर परत पाय ठेवला नाय. तू झालीस तवाबी नाय."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"इचारलंस कदी?" ती म्हणाली. "तू तर लोकांना सांगायचीस. मी घरात बसून ऐकायची. किती सुंदर, किती सुंदर."

मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं. मग राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. ते फादर जाऊन जमाना झाला. वेदीच्या डाव्या बाजूला जमिनीत त्यांच्या नावाची संगमरवरी फरशी आहे. तिची मापं मी घेतली आहेत, अक्षरांचा छाप काढला आहे, अक्षरं छान आहेत. दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये गेले आणि त्या फरशीवर चपला घालून उभी राहिले. मोठा पराक्रम केला असं काही नाही. पण उभी राहिले.

दोन दिवसांनी नवे फादर घरी आले, हातात केकचा खोका. सभेत आईनं त्यांचं काम सोपं करून टाकलं होतं, त्याबद्दल आभार मानायला. दारातच म्हणाले, "आंटी, आता राग सोडा बरं." मी म्हटलं, "केक तिथं ठेवा आणि जास्त बोलू नका." आईनं त्यांना बसायला सांगितलं आणि जे मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, कमी शब्दांत. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"मम्मी, आता तसं काही नाही," ते म्हणाले. "चर्चनं ते सगळं सोडून दिलं. तुमची मुलगी देवापाशीच आहे."

"तुमी सोडलं," आई म्हणाली. "मी नाय सोडलं."

फादरांनी गळ्यातला क्रॉस चाचपला. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"माझं एक काम करा," आई म्हणाली. "दार बुजवायच्या आदी तुमी भायेर उभं ऱ्हायचं. हातात मेनबत्ती घेऊन. मी आत बसनार. मी बोलवीन तवाच आत यायचं."

फादरांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी केकच्या खोक्याकडं पाहिलं.

"किती वेळ, मम्मी?"

"मला कोनी सांगितलं व्हतं, किती वेळ?"

ते हो म्हणाले. एवढं त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं, त्यांनी हो म्हटलं आणि परत ते हसण्यावारी नेलं नाही.

दार बुजवायच्या दिवशी सकाळची मिस्सा झाल्यावर लोक थांबून राहिले. बातमी फुटली होती, आमच्या गावात कुठली बातमी राहते? चुलतभाऊ गवंड्याला घेऊन आला. विटांची चळत दाराच्या आतल्या बाजूला रचलेली. आई नेहमीप्रमाणं वळसा घालून, कठडा धरून, पायऱ्या चढून मोठ्या दारानं आली. मी तिच्या मागून चालले. तिला दाराच्या समोर, उंबऱ्यापासून जरा आत खुर्ची दिली. तिनं पदर सारखा केला आणि फादरांना म्हणाली, "जा."

फादर पांढऱ्या झग्यात, खांद्यावर पट्टा, हातात पेटती मेणबत्ती, दारातून बाहेर गेले आणि आमच्याकडं तोंड करून गल्लीत उभे राहिले. वर तो शिंपला. मला नको असताना त्याच्या उजवीकडच्या दाटलेल्या रेषा दिसत होत्या.

आई बघत बसली. लोक आधी कुजबुजत होते, मग बाकांवर बसले. ऊन गल्लीत उतरलं. एक टेम्पोवाला आला, त्याला जायला जागा नव्हती, त्यानं हॉर्न वाजवला आणि फादरांना बघून गाडी बंद करून बसला. मेण फादरांच्या बोटांवर उतरायला लागलं. त्यांनी हात बदलला नाही.

चुलतभावाची चुळबूळ सुरू झाली. "काकी," तो वाकून म्हणाला, "आता बोलवा की त्यांना. ऊन लागतंय."

"तू गप," आई म्हणाली.

वाऱ्यानं मेणबत्ती विझली. फादर गोंधळले. मी काडेपेटी घेऊन बाहेर गेले आणि पेटवून दिली. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. "आंटी, अजून किती?" ते हळूच म्हणाले.

"मला काय विचारता?" म्हटलं. "तिला विचारा."

त्यांनी विचारलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना चालली होती की काय, देव जाणे. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका मात्र एकेक करून उठून उभ्या राहायला लागल्या. मी त्यांच्या तोंडांकडं पाहिलं आणि मला कळलं की त्या दाराबाहेर माझी आई एकटीच उभी राहिलेली नव्हती. एक जण पदर तोंडाला लावून रडत होती. त्यांच्यापैकी कितीजणींच्या देखत मी पाहुण्यांना 'किती सुंदर'ची गोष्ट ऐकवली असेल कोण जाणे.

शेवटी आई उठली. मी हात द्यायला गेले तर तिनं झटकला. ती उंबऱ्यापर्यंत गेली, त्यावर पाय ठेवला नाही. आत उभी राहूनच तिनं आपल्या लुगड्याच्या पदराचं टोक सोडवलं आणि बाहेर धरलं.

"ये," म्हणाली. "धर."

तो मोठा माणूस, अख्ख्या गावाचा फादर, त्यानं मेण गळलेल्या हातानं तिच्या पदराचं टोक धरलं, मान वाकवली आणि त्या झिजलेल्या उंबऱ्यावर पाय देऊन आत आला. तिनं त्यांना वेदीपर्यंत नेलं. सावकाश, तिच्या गुडघ्यांनी जमेल तसं, आणि ते तिच्या चालीनं तिच्या मागून. वेदीपाशी तिनं पदर सोडवून घेतला, परत येऊन खुर्चीत बसली आणि चुलतभावाला म्हणाली, "बुजव आता."

चुलतभावानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी काही करीन याची त्याला खात्री होती. ओरडेन, विटांवर जाऊन बसेन. गवंडीही माझ्याकडंच बघत होता. "मॅडम," तो घाईघाईनं म्हणाला, "मी चुनाच आणलाय. तुम्ही बोलला होता ना, चुन्यात लावलं तर दगडाला काही होत नाही, पुढं कोणाला उघडावंसं वाटलं तर विटा अलगद निघतात. चुनाच कालवलाय."

घमेल्यात खरंच चुना होता. चांगला, मुरवलेला. मी शिंपल्याकडं एकदा बघून घेतलं. सिमेंट लागलं तर काय होणार ते मला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. दोन पावसाळ्यांत ओल चढेल, दगडाला पांढरं सुटेल, आणि आधी त्या दाटलेल्या रेषाच गळून पडतील.

आई माझ्याकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती.

"चुना ठेव बाजूला," मी गवंड्याला म्हटलं. "सिमेंट कालव. हात आखडू नकोस."